चेंगडूत ड्रॅग शो बघायला जाताना: टेबल, फुलं आणि खिशातला फोन

चीनमध्ये गे क्लब असतात का असं विचारणाऱ्यांना थेट उत्तर, असतात, चांगले मोठे असतात, आणि सिचुआन प्रांतातलं चेंगडू तर यासाठी एवढं प्रसिद्ध आहे की तिथली पोरं गमतीने शहराला गेडू म्हणतात. बीजिंगमध्ये वर्कर्स स्टेडियमजवळचा डेस्टिनेशन 2004 पासूनचा, त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पण ड्रॅग, म्हणजे पुरुषांनी बाईच्या वेशात केलेला स्टेज शो, बघायचा असेल तर माझं मत चेंगडूला, कारण हे मुळातच निवांत, चहा पिणारं, पत्ते-माहजोंग खेळणारं गाव आहे आणि तिथला माणूस दुसऱ्याच्या भानगडीत फार पडत नाही. हा लेख पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांना चिनी येत नाही, सोबत कोणी लोकल नाही, आणि दारापर्यंत जाऊन परत फिरायची भीती वाटतेय.

क्लबांची नावं मुद्दाम देत नाहीये. इथे जागा बदलतात, नाव बदलतं, एखादी गपचूप बंद होते, सहा महिन्यांपूर्वीची यादी आज कचरा. त्यापेक्षा शोधायचं कसं ते सांगतो.

कायद्याचं आधी उरकून घेऊ

चीनमध्ये समलैंगिक असणं गुन्हा नाही. 1997 साली फौजदारी कायद्यातून गुंडगिरीचं ते जुनं कलम गेलं, ज्याच्याखाली गे लोकांना उचलायचे, आणि 2001 मध्ये मानसिक आजारांच्या यादीतूनही नाव काढलं. आपल्याकडे 377 चा निकाल यायला 2018 उजाडलं, म्हणजे कागदावर ते आपल्या आधी. पण लग्न नाही, भेदभावाविरुद्ध कायदा नाही, आणि गेल्या काही वर्षांत हवा उलटी फिरलीय. शांघाय प्राइड 2020 ला थांबलं, 2021 च्या जुलैत कॉलेजांमधल्या एलजीबीटी ग्रुपची वीचॅटवरची (चिन्यांचं व्हॉट्सॲपसारखं ॲप) अकाउंटं एका रात्रीत उडाली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने टीव्हीवाल्यांना बायकी दिसणारे पुरुष दाखवू नका असं सांगितलं, बीजिंगचं एलजीबीटी सेंटर 2023 ला बंद झालं. म्हणजे टीव्हीवर जे चालत नाही तेच रात्री साडेअकराला क्लबच्या स्टेजवर चालतं, फक्त कोणी त्याचा गाजावाजा करायचा नाही. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढचे निम्मे नियम हिच्यातूनच निघतात.

निघायच्या आधी: व्हिसा, पैसे, आणि नेटचा घोळ

व्हिसा आपल्याला लागतोच. ते 240 तासांचं फुकट ट्रान्झिट वगैरे जे व्हिडिओत दाखवतात त्या देशांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे रीतसर टुरिस्ट व्हिसा काढा आणि फॉर्मवर फिरायला चाललोय एवढंच, क्लबची कहाणी कोणाला सांगायची गरज नाही.

पैशाचं म्हणाल तर यूपीआय तिथे विसरा, रुपे कार्डाच्याही भरवशावर राहू नका. व्हिसा किंवा मास्टरकार्ड अलीपे या तिथल्या पेमेंट ॲपला जोडायचं, 200 युआनच्या आतल्या पेमेंटला जादा चार्ज नाही, वरच्याला 3 टक्के लागतात. एक युआन म्हणजे साधारण बारा-तेरा रुपये धरा. बँकेत आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या, नाहीतर रात्री एक वाजता वेटर क्यूआर कोड घेऊन उभा आणि तुमचा ओटीपी येतोय घरच्या नंबरवर, जो बंद आहे. रोख थोडी ठेवा, पण सुट्टे मिळतील अशी आशा ठेवू नका.

आता खरा घोळ. वीचॅट आणि अलीपे ही दोन्ही नावं 2020 मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या यादीत आहेत, आणि तिकडे चीनमध्ये गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टा बंद. म्हणजे आपलं रोमिंग घेतलं तर व्हॉट्सॲप चालेल पण वीचॅट अडकू शकतं, आणि हॉटेलच्या वायफायवर बरोबर उलट. यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे हाँगकाँग किंवा सिंगापूरवरून डेटा फिरवणारं ई-सिम, दोन्हीकडच्या भिंती त्यात टळतात. वीचॅट नाही म्हणजे तिथे तुम्ही कोणाला भेटलात तरी परत भेटू शकत नाही, कारण फोन नंबर कोणी देत नाही, सरळ क्यूआर पुढे करतात. त्यामुळे पोचल्या पोचल्या विमानतळावरच हे सेट करून बघा, क्लबच्या दारात नको.

ग्राइंडर हे गे डेटिंग ॲप 2022 च्या सुरुवातीला तिथल्या ॲप स्टोअरमधून गेलं, आणि ब्लूड हे चिन्यांचं स्वतःचं तसलंच ॲप 2025 च्या नोव्हेंबरात ॲपलच्या चिनी स्टोअरमधून काढलं. आधीपासून फोनमध्ये असेल त्यांचं चालू असतं, पण ॲपवरून क्लब शोधीन हा बेत कच्चा समजा.

जागा शोधायची कशी

त्येन्पिंग नावाचं ॲप आहे, झोमॅटो आणि रिव्ह्यू साइट एकत्र केल्यासारखं, आणि दुसरं शाओहोंगशू, जे बाहेर रेडनोट म्हणून ओळखतात. दोन्हीकडे शहराचं नाव आणि बार टाकून शोधा, फोटोतले रंग, फेदर, विग बघून कळतंच, कारण सरळ सरळ लिहिलेलं कमीच सापडतं. एकच गोष्ट बघायची, शेवटचा रिव्ह्यू कधीचा आहे. गेल्या महिनाभरात कोणी काही लिहिलं नसेल तर जाऊ नका. ज्या जागा जिवंत आहेत त्यांचं वीचॅटवर अकाउंट असतं आणि दर आठवड्याला पोस्टर येतं, त्यावर कोणत्या रात्री शो आहे ते लिहिलेलं असतं, पोस्टरचा फोटो ट्रान्सलेट करून घ्या. शुक्रवार-शनिवार बेस्ट. मंगळवारी गेलात तर चार टेबलं आणि कंटाळलेला डीजे.

चिनी लिपीतलं नाव आणि पत्ता स्क्रीनशॉट काढून ठेवा, टॅक्सी दिदी ॲपवरून, ते अलीपेच्या आतच मिळतं. मेट्रो रात्री अकराच्या आसपास बंद होते म्हणजे जायला ठीक, परतायला नाही. बरेच क्लब एखाद्या ऑफिस-मॉलवजा इमारतीच्या तळघरात नाहीतर वरच्या मजल्यावर असतात, बाहेर बोर्ड असेलच असं नाही, लिफ्टपाशी परफ्यूमचा वास आणि नीट केस केलेली चार-पाच पोरं दिसली की त्यांच्या मागे चालायचं.

पासपोर्ट जवळ ठेवा. परदेशी माणसाने तो बाळगायचा असा नियमच आहे, आणि दारावर वय बघायला मागू शकतात.

दारातून आत: सगळं टेबलावर असतं

मुंबई-पुण्यातून जाणाऱ्याचा घोटाळा इथेच होतो. आपण समजतो की काउंटरवर जाऊ, एक बिअर घेऊ, कोपऱ्यात उभं राहू, हळूहळू कोणाशी तरी बोलू. चेंगडूतल्या क्लबात उभं राहायला जागाच नसते. सगळा हॉल टेबलांनी भरलेला, डान्स फ्लोअर म्हणजे स्टेजपुढची पट्टी, आणि लोक आपापल्या टेबलाभोवतीच नाचतात. टेबल नाही तर तुम्ही वेटरच्या वाटेतले.

टेबलाचे दोन प्रकार. सोफ्यावालं ते खात्सुओ, त्याला किमान खर्च ठरलेला असतो, स्टेजच्या जितकं जवळ तितका जास्त, आणि शनिवारी तो एकट्यादुकट्याला परवडत नाही. दुसरं सान्थाय, उंच छोटं टेबल, दोन-तीन स्टूल, याचं जमतं. एकटे असाल तर सान्थाय मागा किंवा पिनच्वो म्हणा, म्हणजे दुसऱ्याच्या टेबलात सामील करून घ्या. वेटर स्वतः फिरून विचारतो, आणि माझा अनुभव असा की परदेशी माणूस, त्यातून भारतीय, म्हटल्यावर कुठलं तरी टेबल हौसेने घेतंच. किमान खर्चाचा आकडा बसायच्या आधी फोनच्या कॅल्क्युलेटरवर टाइप करून घ्या, मान हलवून हो म्हणू नका. बिल वाटून घ्यायचं असेल तर नुसतं एए म्हटलं तरी कळतं.

दारू ग्लासने क्वचित, बाटलीने किंवा डझनाने येते. व्हिस्कीत बाटलीबंद ग्रीन टी ओतून मोठ्या जगमध्ये मिक्स करतात आणि त्यातून छोट्या ग्लासात, आपल्याकडच्या शौकिनाला हे पाप वाटेल पण गोड लागतं आणि कळायच्या आत चढतं. सोबत कलिंगडाची प्लेट येते, ती बहुतेक टेबलाच्या पॅकेजमध्येच धरलेली असते. कोणी गानबेई म्हटलं की ग्लास रिकामा करायचा असतो, नको असेल तर स्वेयी म्हणा, म्हणजे आपापल्या बेताने, कोणाला राग येत नाही. ग्लास ठोकताना आपला काठ समोरच्यापेक्षा जरा खाली धरा, वयाने मोठा असेल तर नक्कीच, एवढ्याशा गोष्टीने टेबलावरचं वातावरण बदलतं. बाटली उरली तर ती ठेवून घेतात आणि चिठ्ठी देतात, पुढच्या वेळी दाखवून परत मिळते.

फासे शिकून जा, खरंच

प्रत्येक टेबलावर प्लास्टिकचे पेले आणि फासे असतात आणि भाषा येत नसलेल्या माणसाला यासारखी दुसरी सोय नाही. प्रत्येकाकडे पाच फासे, पेल्यात खुळखुळवून उपडे घालायचे, आपले आपण चोरून बघायचे, मग बोली लावायची की टेबलावरच्या सगळ्यांचे मिळून, समजा, पाच चौके आहेत. पुढच्याने आकडा किंवा संख्या वाढवायची. कोणाला थाप वाटली की तो खाय म्हणून ओरडतो, सगळे पेले उचलतात, मोजतात, हरलेला पितो. एक्का कोणताही आकडा म्हणून चालतो, पण कोणी एक्क्याचीच बोली लावली की त्या डावापुरता त्याचा तो मान गेला.

म्युझिकमध्ये काही ऐकू येत नाही म्हणून बोली बोटांवर लावतात, आणि चिनी बोटं आपल्यासारखी नसतात. पाचपर्यंत ठीक. सहा म्हणजे अंगठा आणि करंगळी बाहेर, आपण फोन कर म्हणून दाखवतो तसं. सात म्हणजे अंगठा आणि पहिली दोन बोटं चिमटीत. आठ म्हणजे पिस्तूल. नऊ म्हणजे तर्जनी आकड्यासारखी वाकवलेली. हॉटेलच्या आरशासमोर दोन मिनिटं करून बघा, कारण सहा दाखवल्यावर तुम्ही लाजून फोन काढलात तर सगळं टेबल हसणार.

शो

दहा-साडेदहाला पोचा, शो बहुतेक अकरानंतर सुरू होतो आणि सलग नसतो, दोन-तीन आयटम, मग डीजे, मग परत. निवेदिका पण ड्रॅगमध्येच, आणि ती सिचुआनी बोलीत पुढच्या टेबलांची जी काही उतरवते त्यावर हॉल कोसळतो, आपल्याला एक अक्षर कळत नाही पण आपल्यावर आली की कळतं. हसायचं, नमस्कार करायचा, संपलं. आपला नमस्कार तिथे फार आवडतो हे एक आहे.

दोन जातीचं ड्रॅग दिसेल. एक जुनं, ज्याला फान्च्वान म्हणतात, चिपाओ (अंगासरशी बसणारा चिनी झगा) किंवा टिकल्यांचा गाऊन, हाँगकाँगच्या अनिता मुईसारखी मोठी गायिका उभी करायची, आणि चांगली आर्टिस्ट असेल तर ओठ हलवणं नाही, बाईच्या आवाजात खरोखर गाणं. दुसरं नवं, विशीतल्या पोरांचं, अमेरिकन पद्धतीचं, मोठा विग, उड्या, पाठीवर आपटणं. मला पहिलं जास्त भावतं, हे सरळ सांगतो. लांब पांढऱ्या अस्तन्यांचा एक झटका स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला की पुढच्या टेबलावरचे फासे थांबतात.

आणि हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही. स्त्री पार्टी करणारे नट ही चिनी नाटकाची जुनी परंपरा. मेइ लानफांग 1894 चे, आपले बालगंधर्व 1888 चे, दोघं एकाच काळात आपापल्या देशात पदर सावरत होते आणि आपल्याकडे तर बायका बालगंधर्वांची फॅशन बघून साड्या निवडत होत्या. त्याच्याही शंभर वर्षं आधी वेइ चांगशंग नावाचा नट, मूळचा चिनथांगचा, जे आजच्या चेंगडूच्याच हद्दीत येतं, 1779 मध्ये बीजिंगला गेला आणि त्याने राजधानी वेडी केली. केसांचा टोप आणि बायकांच्या बांधलेल्या पावलांसारखे लाकडी बूट त्याने स्टेजवर रुळवले असं सांगतात. पुढे 1785 मध्ये सरकारने त्याच्या धाटणीच्या नाटकांवर राजधानीत बंदी आणली, अश्लील म्हणून. बंदी आणि टाळ्या दोन्ही तिथे जुन्याच आहेत.

टिप देण्याची पद्धत वेगळी. स्टेजवर नोटा उडवायच्या नाहीत, तो प्रकार आपल्या डान्स बारवाल्यांनी घरीच ठेवावा. मेन्यूत फुलांचे हार, गुच्छ, टोपल्या असतात, दर लिहिलेले, तुम्ही स्कॅन करून घेता, वेटर तो हार आणून देतो, तुम्ही स्टेजपाशी जाऊन तिच्या गळ्यात घालता, आणि निवेदिका टेबल नंबर पुकारते. तोच हार आत जाऊन परत विकायला येतो हे उघड आहे, कोणाला त्याचं काही वाटत नाही, तिचा वाटा तिला मिळतो. सगळ्यात स्वस्त एक हार घ्याच. तिच्याशी बोलायचं असेल तर च्ये म्हणा, ताई म्हटल्यासारखं, मेकअपच्या आत तो तेवीस वर्षांचा मुलगा असला तरी.

फोन

स्टेजचा फोटो बहुतेक ठिकाणी चालतो, सगळेच काढतात, तरी आधी वेटरला कॅमेऱ्याकडे बोट करून विचारा. प्रेक्षकांचा फोटो अजिबात नाही. मागे कोणाचाही चेहरा येणार नाही असं बघा, फ्लॅश बंद, लाइव्ह करू नका, क्लबचं नाव टॅग करून रील टाकू नका. त्या हॉलमधले बरेच जण घरी सांगून आलेले नसतात, काहींची लग्नं झालेली असतात, काही सरकारी नोकरीत असतात, आणि त्यांचे चेहरे तुमच्या रीलमुळे फिरले तर तुम्ही पुण्यात असता, ते तिथेच असतात.

यातच आपल्या माणसांचंही आलं. चीनमध्ये महाराष्ट्रातली एमबीबीएसची मुलं बरीच वर्षं आहेत, व्यापारीही येतात-जातात, त्यामुळे पलीकडच्या टेबलावरून आयला असं ऐकू येऊ शकतं. त्याने ओळख दिली तर द्या. नाही दिली तर तुम्ही काही ऐकलं नाही.

सावध कुठे राहायचं

ॲपवर दहा मिनिटांत गळ्यात पडणारा, आणि भेटायला एका विशिष्ट बारमध्येच बोलावणारा देखणा मुलगा, तो बहुतेक कमिशनवाला असतो, त्या बारचं बिल बघून डोळे फिरतात. जागा तुम्ही सुचवा, तो टाळायला लागला की विषय बंद. भलतीच स्वस्त दारू म्हणजे नकली, दुसऱ्या दिवशी डोकं सांगतं. गर्दीत हात लागतात, नको असेल तर बू याओ, मोठ्याने, पुरतं.

अमली पदार्थ, अजिबात नाही. कोणी देऊ केलं तर टेबल बदला. पोलीस क्लबात येऊन लघवीची तपासणी करू शकतात, आणि नुसत्या सेवनासाठीही पंधरा दिवसांपर्यंत कोठडी आणि मग देशाबाहेर. थायलंडमध्ये दोन दिवसांपूर्वी ओढलेला गांजासुद्धा तपासणीत दिसतो, बँकॉकमार्गे जाणाऱ्यांनी हे वाचून परत वाचा. पोलीस नुसते आले तर घाबरू नका, दिवे लागतात, ओळखपत्र बघतात, पासपोर्ट द्या, व्हिडिओ काढू नका, वाद घालू नका. पोलिसांचा नंबर 110, ॲम्ब्युलन्स 120. भारतीय दूतावास बीजिंगला आहे, चेंगडूत आपलं ऑफिस नाही.

परतताना

कोणाला हॉटेलवर आणणार असाल तर रिसेप्शनवर त्याचं ओळखपत्र नोंदवायला लावतात, हे आधी त्याला सांगा, अनेकांना नको असतं आणि त्यांचं बरोबर आहे. तुम्हीच कोणाच्या घरी राहायला गेलात तर कायद्याने 24 तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते, म्हणून रात्र कितीही झाली तरी आपल्या हॉटेलवर झोपायला या. कंडोम कुठल्याही चोवीस तासवाल्या दुकानात काउंटरपाशीच असतात. प्रेप, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या गोळ्या, घेत असाल तर गोळ्या मूळ डब्यात आणि सोबत डॉक्टरची चिठ्ठी. काही गडबड झालीच तर 72 तासांच्या आत, खरं म्हणजे जितक्या लवकर तितकं बरं, संसर्गजन्य रोगांच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन पीईपी, म्हणजे नंतर घ्यायचं एचआयव्ही टाळायचं औषध, मागायचं, लाजत बसायचं नाही.

आणि भूक. रात्री दोननंतर चेंगडूत खायला मिळतं हे या शहराचं सगळ्यात मोठं वैभव, क्लबमधून निघालेलं टेबलच्या टेबल तसंच काड्यांना टोचलेल्या भाज्या-मटणाच्या गरम तिखट पातेल्यापाशी जाऊन बसतं, आणि अर्धा मेकअप पुसलेली निवेदिका शेजारी नूडल्स ओढताना दिसू शकते. फक्त एक. तो लाल रस्सा बहुतेक ठिकाणी गाईच्या चरबीत केलेला असतो, न्यूयो म्हणतात त्याला, वर नुसत्या भाज्या टाकल्या म्हणून तो शाकाहारी होत नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी ऑर्डर देतानाच छिंगयो सांगायचं, म्हणजे वनस्पती तेलातला मिळतो, आणि तिखटाला वेइ ला, म्हणजे अगदी कमी. कोल्हापूरकरांनीसुद्धा पहिल्या दिवशी वेइ लाच सांगा, तिखट सोसेल, पण जीभ बधिर करणारी ती सिचुआनी मिरी सवयीची नसते.